टॉवेल टाकणारा

कोल्हापूर,
२५ ऑक्टोबर १९६७

श्रीयुत शंभूराव मास्तर यांस,

नमस्कार घातला असं समजा. मी कोल्हापुरात आहे, जिवंत आहे, दोन वेळा जेवतो आहे. हे पत्र तुमच्यासाठी नाही, वहिनीसाठी आहे. न सांगता घर सोडलं म्हणून ती डोळ्याला पदर लावून बसली असेल. आई गेल्यापासून तिनंच मला भरवून मोठं केलं, तिच्या जिवाला घोर लावायचं पाप मला नको. इथपर्यंत तिला वाचून दाखवा. पुढचं तुम्ही एकटे वाचा.

मला तुमची किळस येते. गाडीत बसल्यापासून हे वाक्य मनात घोळवतो आहे. याहून सभ्य शब्द शोधून बघितला, सापडला नाही.

कुस्तीचा कायदा म्हैसूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन्ही खांदे मातीला टेकले की हरला. पालथा पडलेला माणूस हरलेला नसतो. नवरात्राआधी जोड्या ठरल्या, तेव्हा उस्ताद गणपतरावांनी नंजनगूडच्या रंगनाथाशी माझी जोडी कट्टली. तो माझ्या दीडपट, पण मी नको म्हटलं नाही. दसऱ्याच्या कुस्तीत कोण नको म्हणतो? कुस्ती लागली, मी खाली गेलो, पालथा. रंगनाथाचा गुडघा माझ्या मानेवर, माझा डावा हात त्यानं पाठीमागं ओढलेला. अर्धं तोंड मातीत, एक डोळा तेवढा उघडा. वरचा दमतो, मग खालचा उठतो, हे गणपतरावांनी मला लहानपणापासून शिकवलं आहे. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो.

आणि माझ्या नाकासमोर काय येऊन पडलं? निळ्या काठाचा टॉवेल. आपल्या घरातला, वहिनीनं सकाळी घडी करून तुमच्या हातात दिलेला. ती बिचारी बायकांच्या बाजूला बसून हे सगळं बघत होती.

रंगनाथ भांबावून उठला. पंचांना काही उमजेना. मग मंचावरचे ते रिटायर्ड मेजर खुर्चीतून उठून ओरडले, "मुगीतु, मुगीतु! संपली कुस्ती! त्याच्या भावानं टॉवेल टाकला!" झालं. रंगनाथाचा हात वर. माझे खांदे मातीला टेकले नाहीत आणि मी हरलो.

दुसऱ्या दिवशी देवराज मार्केटातून चाललो होतो. केळीवाल्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या पायांपुढं टाकला. गल्ली हसली. चार पावलांवर पानवाल्यानं तेच केलं. मला भर बाजारात ओकारी आली. तिथूनच स्टेशन गाठलं.

आता एकच विचारतो. टॉवेल टाकून कुस्ती संपवायची हे तुम्ही शिकलात कुठं? आणि त्या वेळी तुम्ही काय काय बघितलं? वर्गात शिकवता तसं नीट, सगळं लिहा. काही गाळू नका.

येसाजी

---

म्हैसूर,
४ नोव्हेंबर १९६७

चि. येसाजीस, नको असले तरी अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. "पुढचं तुम्ही एकटे वाचा" इथं येऊन थांबलो, तर तिनं कागद हातातून ओढून घेतला आणि पुढचंही वाचलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. डबा मात्र वेळेवर देते. आणि श्रीयुत काय, तुम्ही काय? बोबडं बोलत होतास तेव्हापासून मला "अण्णा, तू" म्हणतोस. कोल्हापूरचं पाणी इतक्या लवकर लागलं?

धडा हवा म्हणतोस, तर घे. "थ्रो इन द टॉवेल" म्हणजे आता पुरे, आम्ही हार मानतो, हे इथंच संपवा. हल्ली इंग्रजीत कोणीही वापरतो. दुकान बंद केलं, परीक्षा अर्धवट सोडली, तरी म्हणतात यानं टॉवेल टाकला. पण मूळ आहे मुष्टियुद्धातलं. जुन्या काळी इंग्लंडात लढणाऱ्याबरोबर त्याचा स्वतःचा एक माणूस कोपऱ्यात उभा असायचा, पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन. मधल्या विश्रांतीत तो रक्त पुसायचा. आपला गडी आता संपला असं दिसलं, की तो स्पंज वर उडवायचा. म्हणून आधी म्हणत स्पंज उडवला. टॉवेल मागाहून आला. लढणारा स्वतः कधी पुरे म्हणत नाही. त्याला शुद्ध नसते, आणि असली तर लाज आड येते. म्हणून ते काम बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं, आणि तो माणूस त्याचा सगळ्यांत जवळचा.

हे मी नुसतं पुस्तकात वाचलेलं नाही. बंगळूरला बी.ए. करत होतो तेव्हा लष्करी पोरांचं बॉक्सिंग बघायला जायचो. एकदा एका पोराचे दोन्ही डोळे सुजून मिटले, तरी हवेत हात मारत उभा. त्याच्या सुभेदारानं टॉवेल टाकला. पोरगं त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलं. मला वाटलं, साहेबानं आपल्याला हजार वाईट सवयी लावल्या, ही एक तेवढी घेण्यासारखी.

आता किळशीचं. किळस मलाही आली, पण त्या गर्दीची. माझ्या शेजारी एक गृहस्थ होता. सिल्कचा जुब्बा, सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, हातात शेंगदाण्यांचा पुडा. एकेक दाणा बोटांत चोळायचा, फुंकर मारून साल उडवायचा, तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "मुरि, मुरि." मोड, मोड! ओरडत नव्हता रे. जेवताना मीठ मागावं तसं म्हणत होता. त्याच्या मिशीच्या डाव्या टोकाला एक साल अडकलं होतं, ते दर "मुरि"ला हलायचं. खाली कोणाचं पोर आहे, याचं त्याला सोयरसुतक नाही. मागं दोघं जण मान मोडल्यावर आवाज कसा येतो यावर वाद घालत होते. एक म्हणे उसासारखा, दुसरा म्हणे छे, वाळक्या काटकीसारखा. मंचावर आमचे हेडमास्तर गळ्यात हार घालून सरबत पीत बसलेले, पेल्यात गुलाबाची पाकळी. उस्ताद गणपतराव हाताची घडी घालून उभे, तोंडावरची माशी हलेना. माणसं आहेत का कोण, असं झालं मला.

आणि तेवढ्यात तुझी डावी मूठ सुटून बोटं उघडी पडलेली दिसली. त्याच क्षणी मी टॉवेल फेकला. असा प्रसंग परत आला तर परत फेकीन.

तुला केळीवाला हसला, मला माझा आठवीचा वर्ग हसतो. मी फळ्याकडं वळलो की पाठीमागं रुमाल उडतात. नवरात्राच्या आधीच त्यांना हा वाक्प्रचार शिकवला होता. अर्थ चांगला पक्का झाला आहे म्हणायचं!

राग गिळ आणि घरी ये.

तुझा अण्णा

---

कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९६७

शंभूराव मास्तर,

धडा पोचला. दोनदा वाचला. तुम्ही छान लिहिता, हे मला आधीपासून ठाऊक आहे.

म्हणजे फळ्यावर खडूनं लिहिलेलं वाक्य तुम्ही माझ्या पाठीवर करून बघितलंत. तुमच्या गोष्टीतल्या त्या पोराला आणि सुभेदाराला दोघांनाही ठाऊक होतं की टॉवेल पडला की थांबायचं. तसा त्यांचा कायदाच होता. आपल्या गरडीच्या आखाड्यात असा कायदा कधी होता? मला विचारलंत? गणपतरावांना विचारलंत? आपल्याकडं मातीत तूप, ताक, हळद, कडुलिंबाचा पाला घालतात, तिच्या पाया पडून आत उतरतात. का? निकाल तिनं द्यायचा असतो म्हणून. पाठ टेकली की ती सांगते, नाही टेकली तर नाही. तिच्या तोंडावर न्हाणीघरातलं फडकं फेकायचं आणि तिला गप्प करायचं! आठवलं की शिसारी येते. आंघोळ केली तरी त्या टॉवेलाचा साबणाचा वास माझ्या नाकातून जात नाही.

आणि त्या शेंगदाणेवाल्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्याची सगळ्यांत जास्त शिसारी आली. का, ते आत्ता लिहीत नाही.

इथं माझं उत्तम चाललं आहे. मागच्या आठवड्यात एका जत्रेत कुस्ती मारली, चितपट. फेटा आणि नारळ मिळाला. तालमीतली पोरं माझ्या मराठीला हसतात. ताटावर हात आडवा धरून "साकु, साकु" म्हटलं तरी रस्सा वाढतात. रस्सा कसला, जाळ आहे नुसता.

ती कुस्ती संपलेली नाही, मधेच बंद पाडलेली आहे. पुढच्या दसऱ्याला माझी जोडी परत रंगनाथाशीच कट्टायची. गणपतरावांना तसं सांगा. तुम्ही बघायला येऊ नका, आणि आलात तर रिकाम्या हातांनी या.

वहिनीला सांगा, दिवाळीचे राहिलेले शर्ट पाठवू नको. गुंड्या इथं टिकत नाहीत. पाठवायचंच तर डोक्यातून घालायचे बनियन पाठव. आणि तो टॉवेल जाळून टाका.

येसाजी

---

म्हैसूर,
१० डिसेंबर १९६७

चि. येसाजीस आशीर्वाद.

तुझा निरोप घेऊन मी गणपतरावांकडं जाणार, तोच रविवारी सकाळी दारात कोण उभा? रंगनाथ. नंजनगूडच्या गाडीनं आला होता, खांद्यावर तिथल्या रसबाळे केळ्यांचा घड. एवढा धिप्पाड गडी, पण खुर्चीच्या कडेला बसला, ती मोडेल अशा भीतीनं. बोलतो अर्धं कन्नड, अर्धं मराठी. त्याचं बोलणं तसंच्या तसं देतो, म्हणजे मी पदरचं घातलं असं म्हणशील ना, ते नको.

"सर, मी कुस्ती बिट्बिट्टे. सोडली. आता गरडीत पाय ठेवणार नाही."

मी विचारलं, का रे बाबा, जिंकलास की तू.

"अय्यो, कसलं जिंकणं सर? खाली त्याचा जोर एकदम गेला, नोडी. अंग गरम, पण आत कोणी नाही, तसं. मी घाबरलो. सोडला तर तो उठून मला मारील, मी हरलो. नाही सोडला तर त्याची मान जाते. वर बसलेल्यानं थांबायचं कसं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही सर. म्हणून मी तुमच्याकडं बघत होतो. बघतच होतो. हे मोठे आहेत, काही तरी करतील, अल्वा? मग टॉवेल पडला."

मी म्हटलं, बघ, म्हणूनच तर टाकला. त्यावर तो वहिनीनं दिलेली कॉफी अर्धी टाकून उठला. दारात पायताण घालताना एवढंच म्हणाला, "त्याला सांगा, मी विचारलं म्हणून."

आता बोल. तू ज्याच्याशी परत लढायला निघालास तो माणूस म्हणतो की टॉवेल पडला म्हणून सुटलो. म्हणजे माझ्या त्या फडक्यानं एक नाही, दोघं जण सोडवले! तुझ्या मातीला ते जमलं नसतं. माती काय, ती पाठ टेकायची वाट बघते, मग माणूस जिवंत टेको नाहीतर मेलेला. आठवीच्या वर्गाला मी आता हे उदाहरण देणार आहे. नावं गाळून, काळजी करू नकोस.

तुझी वहिनी मात्र भलत्याच गोष्टीवर अडून बसली आहे. गुंड्यांवर. "गुंड्या का नकोत?" एवढंच विचारते. मी म्हटलं, तालमीतली दांडगी पोरं, ओढाताणीत तुटत असतील. तर म्हणते, "तुटली तर हा स्वतः सुई-दोरा घेऊन बसतो. शाळेत होता तेव्हापासून. तुम्हाला काय माहीत!" ती विचारते म्हणून विचारतो, डावा हात कसा आहे?

बनियन पाठवले आहेत. टॉवेल जाळलेला नाही. धुऊन दोरीवर घातला आहे, मी रोज त्यानंच तोंड पुसतो. चांगला दणकट टॉवेल आहे.

तुझा अण्णा

---

म्हैसूर,
२८ जानेवारी १९६८

चि. येसाजीस आशीर्वाद.

उत्तर नाही. पार्सल मिळालं का, तेही कळवलं नाहीस. संक्रांत झाली, वहिनीनं तुझ्या वाटणीचे तीळगुळाचे एळ्ळू-बेल्ल डब्यात काढून ठेवले आहेत आणि डब्याला कोणाला हात लावू देत नाही. गणपतरावांना बाजारात भेटलो, तर पैलवानाची चौकशीसुद्धा केली नाही त्यांनी, वांगी निवडत राहिले. अशा माणसासाठी तू माझ्यावर रुसतोस!

मला शिव्या दे, पण लिही. हात कसा आहे?

अण्णा

---

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी १९६८

अण्णा,

हात गेला आहे.

त्या दिवसापासूनच. रंगनाथाच्या खाली असताना मानेत कळ आली आणि बोटांपर्यंत विस्तव गेला, मग काही नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून लपवला. वहिनीला गुंड्यांवरून कळलं, तुला चार महिने पत्रं लिहून कळलं नाही. इथल्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. म्हणाले, मानेतली नस ताणून तुटली आहे, आता जुळणार नाही. थोडं आधी सोडवलं असतं तर, असं काही पुढं बोलत होते. मी उठून बाहेर आलो.

जत्रेतली कुस्ती खोटी. फेटा आणि नारळही खोटा. इथल्या तालमीच्या वस्तादांनी माझा हात पहिल्याच दिवशी ओळखला. चांगला माणूस आहे, हाकललं नाही. मी एका हातानं आखाड्याची माती उकरतो, पाणी मारतो, त्यावर जेवतो. मला माझ्याच हाताची घाण वाटते, अण्णा. जेवताना मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कोणी तरी विसरून गेल्यासारखा. कोणाचं लक्ष नसताना मी त्याला चिमटे काढतो.

आता नीट ऐक. टॉवेलाची मला किळस कधीच नव्हती. मातीचा निकाल, गरडीचा कायदा, ते सगळं मी रागानं लिहिलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं बघ, माझा एक डोळा उघडा होता. त्या डोळ्यासमोर तूच होतास. माझी बोटं सुटली ते मला कळलं. तुलाही दिसलं, कारण तुझा हात टॉवेल घेऊन वर आला. आणि तू टाकला नाहीस. तू गणपतरावांकडं बघितलंस. मग मंचाकडं. मग शेजारच्या माणसाकडं. मागं वळून बघितलंस. परत मंचाकडं.

मला वाटलं, डोळ्यात माती गेली म्हणून भास झाला. आपला अण्णा असं करणार नाही. म्हणून इथं आल्यावर तुला विचारलं, काय काय बघितलंस ते सगळं लिही. वाटलं, लिहील तो. म्हणेल, येसा, जरा थबकलो रे. मग मी सगळं विसरलो असतो. आईशपथ विसरलो असतो.

तू लिहिलंस, आणि काय लिहिलंस ते तुला कळलंच नाही. त्या माणसाच्या मिशीच्या डाव्या टोकाला शेंगदाण्याचं साल होतं. दर "मुरि"ला ते हलत होतं. हेडमास्तरांच्या सरबतात पाकळी होती. मागचे दोघं उसाबद्दल बोलत होते की काटकीबद्दल, तेही तू ऐकलंस. माझ्या मानेवर गुडघा होता, अण्णा, आणि तुला साल दिसलं.

रंगनाथ खरं बोलला. तो तुझ्याकडं बघत होता, मी तुझ्याकडं बघत होतो. आम्ही दोघंही तुझ्याकडं, आणि तू लोकांकडं. लोक काय म्हणतील, मास्तर असून काय केलं म्हणतील, हेडमास्तर काय म्हणतील. त्या जुब्बेवाल्याची तुला किळस आली म्हणतोस. तो निदान माझ्याकडं बघत होता.

तुझा तो इंग्रजी धडा बरोबर आहे. टाकणारा माणूस सगळ्यांत जवळचा असतो, लढणारा स्वतः पुरे म्हणत नाही, सगळं बरोबर. फक्त बंगळूरच्या त्या सुभेदारानं टॉवेल टाकायच्या आधी मंचाकडं बघितलं होतं का, तेवढं तुझ्या धड्यात नाही.

उत्तर लिहू नकोस. तू छान लिहितोस, त्याचीच भीती वाटते.

येसाजी

---

म्हैसूर,
१८ फेब्रुवारी १९६८

चि. येसाजीस वहिनीचा आशीर्वाद.

मी कन्नड शाळेत शिकलेली, मराठी अक्षरं जुळवत लिहिते आहे. चुका झाल्या तर हस, मला बरं वाटेल.

तुझं पत्र ह्यांनी अंगणात उभ्यानं वाचलं. मग उत्तर लिहायला बसले. कागदावर नुसतं "चि." लिहिलं आणि पुढं काही नाही. पेनाची शाई वाळली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाहीत. तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात आले आणि मला विचारलं, "जया, तू बायकांच्या बाजूला होतीस. मी टॉवेल लगेच टाकला ना?"

मी भाजी चिरत होते. येसाजी, इतके महिने हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला "त्याच क्षणी फेकला" म्हणून सांगत होते आणि मी आलेल्यांना कॉफी देत ऐकत होते. नवऱ्याचं खोटं गिळून गिळून माझं पोट बिघडलं म्हण. रंगनाथ आला त्या दिवशी तर मी मोरीवर जाऊन खरंच ओकले. तरी बोलले नाही. तुला लिहिलं नाही ही माझी गोष्ट आहे, तिचा राग तू माझ्यावर वेगळा धर.

पण त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, "नाही. मी उठून उभी राहिले होते. टाका, टाका म्हणून ओरडत होते. साऱ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. तुम्ही मला सोडून सगळ्यांकडं बघितलं."

त्यांनी मोरीवर जाऊन तोंड धुतलं. दोरीवरच्या टॉवेलाकडं हात नेला आणि मागं घेतला. तसेच ओल्या तोंडानं आत आले. मग म्हणाले, "कोल्हापूरला जातो."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. ज्यांनी हे तुझ्या हातात दिलं ते तेच आहेत. पाकीट मी चिकटवून दिलं आहे, त्यांनी फोडलेलं नसणार. आता ते तुझ्यासमोर उभे असतील. धडा द्यायला लागले तर गप्प कर. तुला तोंडाला येईल ते बोल, मी मधे पडणार नाही. त्यांना माफ कर असंही मी सांगत नाही. ते तुझं तू बघ. मला अजून जमलेलं नाही.

त्यांच्या पिशवीत एळ्ळू-बेल्लचा डबा आहे आणि चार शर्ट आहेत. मी देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या शिंप्याकडून मुद्दाम गुंड्यांचेच शिवून घेतले. शाळेतून रजा काढायला लावली आहे, लवकर परत पाठवू नकोस. रोज सकाळी ह्यांच्याकडून गुंड्या लावून घे. गळ्यापासून खालपर्यंत, सगळ्या. आणि लावत असतील तोवर त्यांना दुसरीकडं कुठं बघू देऊ नकोस.

तुझी वहिनी,
जयलक्ष्मी